शिडाच्या बोटीवर रडार: कुठे बसवायचं, किती उंच, आणि लहरींची भीती किती खरी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रडार घ्यायचं ठरलं की दोन प्रश्न हमखास येतात. बोटीचा मालक विचारतो, "डोलकाठीवर बसवू की मागे खांबावर?" आणि बरोबर येणारं कुणीतरी विचारतं, "त्याच्या लहरी अंगाला लागतात का?" हे दोन्ही प्रश्न एकच आहेत असं आमचं मत आहे. अँटेना योग्य उंचीवर बसली की सुरक्षिततेचा बहुतेक भाग तिथेच मिटतो. उरलेला भाग एका ब्रेकरवर अवलंबून असतो (प्र. १३).

प्र. १. माझ्याकडे एआयएस (जहाजाची ओळख आणि ठिकाण रेडिओवरून सांगणारी यंत्रणा) आहे. मग रडार कशाला?

एआयएसवर फक्त स्वतःहून "मी इथे आहे" असं सांगणारी जहाजं दिसतात. मासेमारीची छोटी होडी, दिवा विझलेला बोया, वाहत आलेला कंटेनर, अंधारातून चाल करून येणारी पावसाची सर, यातलं कुणीही काही सांगत नाही. पाऊस आणि किनारा रडारवर चांगले दिसतात, होडी आणि बोयाही बऱ्याचदा दिसतात. पाण्याशी टेकलेला कंटेनर मात्र रडारलाही फसवतो, तेव्हा तेवढ्यापुरती आशा ठेवू नका.

एक गोष्ट लक्षात असू द्या. समुद्रात टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला सातवा नियम सांगतो की रडार बसवलेलं आणि चालू स्थितीत असेल, तर धडकेचा धोका ओळखण्यासाठी त्याचा योग्य वापर केलाच पाहिजे. शोभेचं रडार ही पळवाट नाही.

प्र. २. गोल डोम घ्यावा की उघडी फिरणारी पट्टी?

शिडाच्या बोटीवर डोमच, म्हणजे बंद टोपीच्या आत फिरणारी अँटेनाच, घ्या. उघड्या पट्टीची प्रतिमा जास्त रेखीव असते यात वाद नाही, पण तिला हॅलियर्ड (शीड वर चढवायचा दोर), शिडाची कड आणि माणसाचा हात या तिन्हींपासून मोकळी जागा लागते. ती जागा आपल्या बोटीवर नसते. साधारण ४५ सेंटिमीटरच्या डोमचा झोत आडवा सुमारे ५ अंश रुंद असतो आणि ६० सेंटिमीटरच्या डोमचा सुमारे ४ अंश. उभा पसारा दोन्हींत २५ अंशांच्या आसपास, म्हणजे क्षितिजाच्या वर साडेबारा आणि खाली साडेबारा. हा २५ चा आकडा पुढे सारखा लागणार आहे.

प्र. ३. मॅग्नेट्रॉन, सॉलिड-स्टेट, एफएमसीडब्ल्यू: लहरींच्या दृष्टीने फरक काय?

तिन्ही साधारण ९.४ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतात. याला एक्स-बँड म्हणतात आणि लहरीची लांबी सुमारे ३.२ सेंटिमीटर असते. फरक आहे तो शक्ती कशी सोडली जाते यात.

मॅग्नेट्रॉनवाला (लहरी तयार करणाऱ्या नळीचा) जुना प्रकार फार छोटे, फार जोरदार धक्के (पल्स) सोडतो. लहान डोममध्ये पीक पॉवर (त्या क्षणापुरती कमाल शक्ती) २ ते ४ किलोवॉट. सॉलिड-स्टेट पल्स कॉम्प्रेशनमध्ये पीक पॉवर २० ते २५ वॉट इतकीच असते, पण पल्स लांब असते. एफएमसीडब्ल्यू रडार पल्स सोडतच नाही. ते सतत, पण अगदी क्षीण लहर सोडतं. बोटींसाठी आलेल्या सुरुवातीच्या एफएमसीडब्ल्यू डोमची शक्ती वॉटच्या पाचव्या भागाहूनही कमी होती.

नवं घेत असाल आणि बोट लहान असेल तर आमचा कल सॉलिड-स्टेटकडे आहे. त्याचं पहिलं कारण बॅटरी (प्र. १९), लहरी नव्हेत.

प्र. ४. चार किलोवॉट! म्हणजे डोक्यावर चार किलोवॉटचा हीटर बसवल्यासारखंच झालं ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. चार किलोवॉट ही एका पल्सच्या क्षणापुरती शक्ती. तो क्षण किती लहान, याचा हिशेब करून पाहा.

जवळच्या पल्ल्यावर पल्स ०.०८ मायक्रोसेकंदाची असते आणि सेकंदाला सुमारे २,००० पल्स सुटतात. म्हणजे एका सेकंदातले फक्त १६० मायक्रोसेकंद रडार बोलत असतं आणि बाकीचा सगळा वेळ ऐकत असतं. ४,००० वॉटला ०.०००१६ ने गुणलं की येतात ०.६४ वॉट. लांबच्या पल्ल्यावर पल्स मोठी (समजा ०.८ मायक्रोसेकंद) आणि संख्या कमी (सेकंदाला ६००). गुणाकार करा, सुमारे १.९ वॉट. अंगाला लागणारी उष्णता सरासरी शक्तीवर ठरते आणि ती दोन वॉटच्या पुढे फारशी जात नाही.

प्र. ५. पण हा किरणोत्सर्गच ना? कॅन्सर होतो का?

क्ष-किरण किंवा अणुभट्टीतले किरण अणूतून इलेक्ट्रॉन उडवून लावतात आणि पेशीतल्या डीएनएला थेट इजा करू शकतात. त्यासाठी एका फोटॉनकडे काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट ते दहा-बारा इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा लागते. ९.४ गिगाहर्ट्झच्या फोटॉनकडे असते ०.००००४ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास. शक्ती वाढवली तर फोटॉनांची संख्या वाढते, एकेकाची ताकद वाढत नाही. म्हणून रडारच्या लहरींचा सिद्ध झालेला अपाय एकच आहे, तो म्हणजे ऊती तापणं. या वारंवारतेला लहर त्वचेत काही मिलिमीटरच शिरते. डोळ्यांचं भिंग आणि वृषण यांना जास्त जपायला सांगतात, कारण तिथली उष्णता रक्तप्रवाह लवकर वाहून नेत नाही.

कॅन्सरबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये सगळ्याच रेडिओ लहरींना '२-बी', म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक', या गटात टाकलं. तो निर्णय मुख्यतः मोबाइल फोन कानाला लावून वापरण्याबाबतच्या मर्यादित पुराव्यावर होता. नोकरीत किंवा परिसरात अंगावर येणाऱ्या लहरींबाबतचा पुरावा त्याच मूल्यमापनात अपुरा ठरवला गेला.

भीतीचं दुसरं मूळ लष्करी रडारमध्ये आहे. त्या यंत्रांवर काम केलेल्या सैनिकांच्या आजारांची चौकशी जर्मनीत एका आयोगाने केली आणि २००३ मध्ये अहवाल दिला. त्यात प्रमुख संशयित होते ते उच्च दाबाच्या नळ्यांमधून निघणारे क्ष-किरण आणि डायलवरचा रेडियमचा चमकता रंग. कपाट उघडं ठेवून तासन्‌तास दुरुस्ती करणाऱ्यांना ते लागले. आपल्या डोमशी त्याचा संबंध तुम्ही झाकण उघडलंत तरच, आणि तेव्हाही क्ष-किरणांपेक्षा विजेचा धक्का आधी गाठेल (प्र. २०).

प्र. ६. मग नेमकं किती अंतर सुरक्षित?

तुमच्या रडारच्या मॅन्युअलमध्ये सुरुवातीच्या सूचनांमध्ये एक छोटा तक्ता असतो: १०० वॉट प्रति चौरस मीटर इतक्या मीटरवर, १० वॉट प्रति चौरस मीटर इतक्या मीटरवर. तेच तुमचं उत्तर. आमच्या आकड्यांपेक्षा तो तक्ता मोठा.

त्या आकड्यांचा अर्थ असा. नॉन-आयोनायझिंग लहरींपासून संरक्षणाचा जो आंतरराष्ट्रीय आयोग आहे, त्याने सर्वसामान्य लोकांसाठी या वारंवारतेला १० वॉट प्रति चौरस मीटर ही मर्यादा ठेवली आहे. २०२० च्या मार्गदर्शनानुसार ती पूर्ण शरीरासाठी अर्ध्या तासाच्या सरासरीने मोजायची. या क्षेत्रात प्रशिक्षण घेऊन काम करणाऱ्यांसाठी मर्यादा ५०. तुलनेसाठी, भर दुपारचं ऊन चौरस मीटरला सुमारे १,००० वॉट देतं.

आता हिशेब. सरासरी २ वॉट, आणि डोमची अँटेना ती शक्ती एका दिशेला सुमारे २५० पट एकवटते असं धरू. दोन मीटरवर, झोताच्या अगदी मध्यभागी, अँटेना न फिरता तुमच्याकडेच रोखलेली असेल तर येतात सुमारे १० वॉट प्रति चौरस मीटर, म्हणजे नेमकी मर्यादा. पण अँटेना फिरते. ५ अंशांचा झोत ३६० अंशांत फिरताना तुमच्यावर बहात्तराव्या भागाइतकाच वेळ असतो, आणि सरासरी ०.१४ वर येते. शिवाय हे सूत्र दूरच्या अंतरासाठी आहे. डोमच्या इतक्या जवळ ते वास्तवापेक्षा जास्त आकडा दाखवतं.

थोडक्यात, फिरणाऱ्या डोमपासून दोन मीटरवर तुम्ही मर्यादेच्या पुष्कळ आत असता. दोन मीटरच्या आत, झोताच्या पातळीत, डोकं ठेवून बसू नये इतकाच नियम. आणि तो बसवण्याच्या उंचीनेच पाळता येतो.

प्र. ७. डोलकाठीवर बसवू की पिछाडीच्या खांबावर?

बोट बारा मीटरच्या आतली असेल तर आमचं मत खांबाच्या बाजूचं आहे. कारणं सांगतो, मग तुम्ही ठरवा.

डोलकाठीवर डोम साधारण पहिल्या स्प्रेडरच्या (डोलकाठीवरच्या आडव्या दांड्याच्या) आसपास, पाण्यापासून आठ-नऊ मीटरवर बसतो. लोकांना वाटतं की त्यामुळे पल्ला खूप वाढतो. रडारच्या क्षितिजाचं सूत्र घ्या: अँटेनाच्या उंचीचं वर्गमूळ अधिक लक्ष्याच्या उंचीचं वर्गमूळ, या बेरजेला २.२ ने गुणायचं. उंची मीटरमध्ये, उत्तर सागरी मैलांत. नऊ मीटर उंचीचं जहाज चार मीटरवरच्या डोमला ११ मैलांवर दिसू शकतं आणि नऊ मीटरवरच्या डोमला १३.२ मैलांवर. दोन मैलांसाठी काय काय मोजावं लागतं ते पाहा.

एक, वजन. डोम, ब्रॅकेट आणि केबल मिळून दहा किलो धरले तर नऊ मीटरवर ते बोटीला कलवायला ९० किलो-मीटरचा जोर लावतात आणि साडेतीन मीटरवर फक्त ३५. लहान बोटीला हा फरक लाटांत जाणवतो. दोन, दुरुस्ती. खांबावरच्या डोमला हात लावायला एक स्टूल पुरतं, डोलकाठीवर माणूस चढवावा लागतो. तीन, जवळचं अंधारं क्षेत्र. झोताची खालची कड साडेबारा अंश खाली जाते, तेव्हा चार मीटरवरून ती पाण्याला अठरा मीटरवर टेकते आणि नऊ मीटरवरून चाळीसवर. कडेबाहेरही थोडं दिसतं, पण भरवशाचं नाही. धुक्यात बंदराच्या तोंडाशी तुम्हाला जवळचा बोया हवा असतो. चौथं म्हणजे उंच अँटेनाला लाटांचं क्लटर (पडद्यावरचे नकोसे ठिपके) जास्त दूरपर्यंत दिसतं.

डोलकाठीच्या बाजूनेही बोलायला हवं. पिछाडी मोकळी राहते, कॉकपिटमधल्या (सुकाणूपाशी बसायच्या उघड्या जागेतल्या) माणसांच्या डोक्यावरून झोत फार उंच जातो, आणि आधीच सौर पॅनेल, पवनचक्की, डिंगी यांनी मागची बाजू भरलेली असेल तर दुसरा पर्यायच नसतो. दोन डोलकाठ्यांची बोट असेल तर मागची, बुटकी डोलकाठी उत्तम जागा. बॅकस्टेवर (डोलकाठीला मागून ताणून धरणाऱ्या तारेवर) बसणारे मधले प्रकारही मिळतात. ते छान दिसतात, पण रिगिंगच्या एका तारेवर वजन आणि हेलकावा टाकणं आम्हाला पटत नाही.

प्र. ८. खांब किती उंच हवा?

कॉकपिटमध्ये सगळ्यात उंच माणूस उभा राहील त्याच्या डोक्याच्या किमान ०.७ मीटर वर डोमची मधली पातळी यावी. मग झोताची खालची कड त्याच्या डोक्याच्या पातळीला ३.२ मीटरवर येते आणि तिथे आकडे क्षुल्लक असतात. उभ्या माणसाच्या पायापासून मोजायचं, बसलेल्याच्या नव्हे. पिछाडीच्या सीटवर उभं राहून कुणी मागची शिडं पाहतं का, तेही धरा. फक्त "बोट सरळ असताना" मोजून थांबू नका, पुढचा प्रश्न वाचा.

प्र. ९. बोट कलली की झोत कुठे जातो? गिंबल घ्यावं का?

डोम घट्ट बसवलेला असेल आणि बोट वीस अंश कलली असेल, तर वाऱ्याआडच्या बाजूला झोत पाण्यात घुसतो आणि वाऱ्याकडच्या बाजूला आभाळात. उभा पसारा वर-खाली साडेबाराच अंश असल्यामुळे वाऱ्याकडून येणारं जहाज चक्क दिसेनासं होऊ शकतं. समोर आणि मागे मात्र फारसा फरक पडत नाही, कारण बोट लांबीच्या अक्षाभोवती कलते. वाऱ्यावर चढत जाणाऱ्या बोटीसाठी हा दोष मोठा, इंजिनवर चालणाऱ्यासाठी नगण्य. म्हणून डोम पातळीत ठेवणारं गिंबल ब्रॅकेट चैनीची वस्तू नाही. ते घेताना हेलकावा जिरवणारं डँपर आहे का पाहा, नाहीतर डोम लोलकासारखा झुलत राहतो.

इथे एक अपवाद आहे जो कुणी सांगत नाही. घट्ट डोम माणसांबरोबरच कलतो, त्यामुळे डोकं आणि झोत यांचं अंतर बदलत नाही. गिंबलवरचा डोम पातळीत राहतो आणि बोट त्याच्याखाली कलते. वाऱ्याकडच्या कडेला, मध्यरेषेपासून दीड मीटरवर बसलेला माणूस वीस अंशांत अर्धा मीटर वर येतो. तुम्ही ठेवलेले ०.७ मीटर एकदम ०.२ होतात. लहरींचा आकडा तरीही मर्यादेच्या आतच असतो (प्र. ६), पण खांब आणखी अर्धा मीटर उंच केला की विषयच संपतो. केबल मात्र गिंबलपाशी सैल वळसा देऊन बांधा. ती रोज हजार वेळा वाकते आणि पहिल्यांदा तिथेच तुटते.

प्र. १०. डोलकाठीलाच बसवायचं ठरलंय. भोकं पाडताना काय सांभाळू?

एकाच आडव्या रेषेत भोकं पाडू नका, वर-खाली विखरा. स्प्रेडरच्या मुळाजवळ अजिबात नको. केबलचं भोक अंडाकृती काढून कडा कानसीने गुळगुळीत करा आणि रबरी ग्रॉमेट बसवा. अॅल्युमिनियमच्या डोलकाठीला मोनेलचे (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे) रिव्हेट वापरा. स्टीलचे स्क्रू वापरणार असाल तर मध्ये इन्सुलेटिंग पेस्ट लावा, नाहीतर दोन-तीन मोसमांत स्क्रूभोवती पांढरी पूड जमलेली दिसेल. ते अॅल्युमिनियम खाल्लं जात असल्याचं लक्षण आहे.

केबल डोलकाठीच्या पोटातून सोडताना नळीतून न्या. मोकळी सोडलेली केबल रात्री नांगरावर असताना बोटीच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर टक-टक वाजते आणि झोपेचं खोबरं होतं. डोलकाठी उतरवावी लागते, म्हणून तळाशी जोड ठेवा, आणि जोडाच्या आधी केबलला खाली लोंबता वळसा द्या म्हणजे पाणी तिथून गळून जाईल, जोडात शिरणार नाही.

डोमपुढे जेनोआ (पुढचं मोठं शीड) घासणार आहे हे गृहीत धरा. टॅक करताना (वारा दुसऱ्या बाजूला घेऊन वळताना) शिडाची मागची कड ब्रॅकेटमध्ये अडकते. स्टीलच्या नळीचा गार्ड लावा.

प्र. ११. कार्बनची डोलकाठी असेल तर?

भोक पाडण्याआधी बनवणाऱ्याला विचारा. कार्बन वीजवाहक असतो, म्हणून रडारसाठी तीही धातूसारखीच सावली पाडते, आणि अॅल्युमिनियमचं ब्रॅकेट थेट टेकवलं तर ते लवकर गंजतं.

प्र. १२. खांबापुढे डोलकाठी येते. मग समोरचं दिसणार नाही का?

डोलकाठी सात-आठ मीटर पुढे असेल तर सावली अरुंद पडते आणि बोटीची नाळ (पुढचं टोक) सतत थोडी इकडेतिकडे होत असल्यामुळे लक्ष्य त्या पट्ट्यात फार वेळ लपत नाही. डोलकाठीच्या पुढच्या अंगाला बसवलेल्या डोमची सावली मागे पडते, आणि ती रुंद असते, कारण अडथळा अगदी चिकटून असतो. मागून येणारं वेगवान जहाज तुमच्यापर्यंत लवकर पोचतं, तेव्हा मागची सावली निरुपद्रवी समजू नका.

सावली नेमकी कुठे आहे ते शोधायला थोड्या खवळलेल्या पाण्यात गेन (रडारची संवेदनशीलता) वाढवा आणि सी-क्लटरचं नियंत्रण कमी करा. पडद्याचा मध्य लाटांच्या ठिपक्यांनी भरेल आणि त्यात एक काळी पाचर उघडी पडेल. तिचे अंश लिहून चार्ट टेबलावर चिकटवा. कोरडी कापडी शिडं लहरींना जवळजवळ अडवत नाहीत. भिजलेली थोडी अडवतात, कार्बन धाग्यांची जास्त.

प्र. १३. डोलकाठीवर माणूस चढवायचा आहे. रडार स्टँडबायवर ठेवलं तर चालेल?

चालणार नाही. स्टँडबायमध्ये लहरी निघत नाहीत हे खरं, पण खाली बसलेल्या कुणीतरी पडद्याला बोट लावलं की निघतात. काही रडारमध्ये ठरावीक वेळाने आपोआप जागं होणारा पहाऱ्याचा मोडही असतो. डोम बंद असतो, आत पट्टी फिरते आहे की नाही ते वरच्या माणसाला दिसत नाही. उघड्या पट्टीचा तर फटकाच बसतो.

म्हणून रडारचा ब्रेकर पाडायचा, त्यावर "वर माणूस आहे" अशी चिठ्ठी चिकटवायची, आणि वर चढणाऱ्याने ती स्वतः पाहायची. फ्यूज काढून त्याच्या खिशात दिलात तर उत्तम. डोमपासून हातभर अंतरावर बोसन चेअरमध्ये (दोराने वर ओढायच्या खुर्चीत) अर्धा तास लटकलेला माणूस हीच शिडाच्या बोटीवरची एकमेव परिस्थिती आहे जिथे प्र. ६ मधला हिशेब कामाला येत नाही.

प्र. १४. मुलं, गरोदर बाई, पेसमेकर: काही वेगळं?

सर्वसामान्यांसाठीची १० वॉटची मर्यादा मुलं आणि गरोदर स्त्रिया धरूनच ठरवलेली आहे. डोम डोक्याच्या वर असेल तर वेगळं काही करायला नको. पेसमेकरचा मुद्दा मात्र उष्णतेचा नाही, विद्युत गोंधळाचा आहे. त्याचं उत्तर पेसमेकर बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तिकेत आणि हृदयरोगतज्ज्ञाकडे मिळेल. रडारचा प्रकार आणि अंतर सांगून विचारा. उत्तर मिळेपर्यंत त्या व्यक्तीने डोमजवळ जाऊ नये.

प्र. १५. खाली केबिनमध्ये झोपणाऱ्यांना फायबरग्लासचं छप्पर वाचवतं का?

फायबरग्लास लहरी अडवत नाही. डोमची टोपीही म्हणूनच प्लास्टिक किंवा फायबरग्लासची असते. वाचवते ती उंची, कारण झोत त्यांच्या बराच वरून जातो.

प्र. १६. मरीनात शेजारच्या बोटीचं रडार सतत चालू असतं. काही करावं का?

अंतर पाच-सहा मीटर असेल तर तब्येतीची काळजी नको. तरी धक्क्यावर रडार चालू ठेवण्याला काही अर्थ नाही. आजूबाजूच्यांच्या पडद्यावर त्याचे ठिपके उमटतात आणि मॅग्नेट्रॉनचे तास फुकट जातात. सांगून पाहा. मोठ्या मोटरबोटीची उघडी पट्टी नेमकी तुमच्या डेकच्या पातळीला येत असेल तर मात्र आग्रहाने सांगा.

प्र. १७. कॉकपिटच्या दिशेला प्रक्षेपण बंद ठेवण्याची सोय आहे. ती वापरू का?

डोम पिछाडीला असेल तर कॉकपिट त्याच्या पुढे येतं. ती दिशा बंद केलीत म्हणजे नाळेसमोरचं बघणंच बंद केलंत. ही सोय पवनचक्की किंवा उपग्रह अँटेना यांच्या बाजूसाठी ठेवा. माणसांसाठी खांब उंच करा.

प्र. १८. कंपास, जीपीएस, व्हीएचएफ रेडिओ किती दूर हवेत? आणि डोम रंगवला तर?

मॅग्नेट्रॉनमध्ये जबर लोहचुंबक असतो. कंपासपासून किती लांब ठेवायचं ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, बहुधा मीटरभराच्या आसपास. खांबाला ही अडचण क्वचित येते, पण रडारचा पडदाही कंपासला हलवू शकतो हे विसरलं जातं. जीपीएस आणि उपग्रह अँटेना झोताच्या पातळीत नकोत, वर किंवा खाली हव्यात. व्हीएचएफची काठी डोमसमोर आली की छोटी सावली पडते.

डोम शक्यतो रंगवू नकाच. धातूचा अंश असलेला रंग किंवा चकचकीत स्टिकर लावलात तर रडारच्या डोळ्यांवरच पट्टी बांधल्यासारखं होईल. साबणाच्या पाण्याने मीठ धुवा, तळाचं पाणी निघण्याचं भोक मोकळं ठेवा. झालं.

प्र. १९. बॅटरी किती खातं?

लहान मॅग्नेट्रॉन डोम साधारण ३० वॉटच्या आसपास, सॉलिड-स्टेट त्याहून बरंच कमी. बारा व्होल्टवर ३० वॉट म्हणजे तासाला अडीच अँपिअर-तास. सॉलिड-स्टेटला तापायलाही वेळ लागत नाही, मॅग्नेट्रॉनला एक-दोन मिनिटं लागतात. म्हणून रात्रीच्या पहाऱ्याला दर दहा मिनिटांनी चालू करून पुन्हा झोपवायचं असेल तर सॉलिड-स्टेट सोयीचं.

प्र. २०. जुनं रडार मिळतंय. आत उघडून पाहू का?

नको. मॅग्नेट्रॉनला काही हजार व्होल्ट लागतात आणि कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही भार उरतो. हे काम जाणकाराचं. जुनं घेताना झाकणाऐवजी मेन्यू उघडा: प्रक्षेपणाचे एकूण तास तिथे दिसतात. मॅग्नेट्रॉन झिजणारी वस्तू आहे, आणि झिजला की आधी लांबची लक्ष्यं फिकी होतात.

प्र. २१. एफएमसीडब्ल्यू रडारवर रेकॉन किंवा सार्ट दिसत नाही. बिघाड आहे का?

बिघाड नाही. रेकॉन हा बोया-दीपस्तंभावरचा आणि सार्ट हा जीवनतराफ्यातला, असे दोन्ही प्रतिसादक एक्स-बँडच्या जोरदार पल्सने जागे होतात. एफएमसीडब्ल्यूची क्षीण, सलग लहर त्यांना जागं करत नाही. तराफ्याच्या शोधात असाल तर अशा रडारवर सार्टच्या ठिपक्यांची रांग दिसली नाही म्हणजे तिथे कुणी नाही, असं समजू नका. पल्स कॉम्प्रेशनवाल्यांचं वागणं मॉडेलनुसार बदलतं, मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं.

प्र. २२. बसवून झालं. पहिल्या दिवशी काय तपासू?

आधी डोमवरचा बाण नाळेकडे आहे का पाहा. मग स्वच्छ दिवसा, दूरचा एकटा बोया बरोबर नाळेसमोर घेऊन पडद्यावर तो शून्य अंशावर येतो का ते बघा, नसेल तर मेन्यूतून दिशा जुळवा. खांबावर हे दोन-तीन अंश हमखास चुकलेले असतात आणि धुक्यात मैलभर अंतरावर ते पन्नास मीटरहून जास्त होतात.

त्यानंतर एखाद्या लांब, सरळ धक्क्याजवळून हळू जा, सगळ्यात लहान पल्ला लावा. धक्का पडद्यावर सरळ दिसला तर ठीक. मध्यभागी आत किंवा बाहेर वाकलेला दिसला तर अंतराची वेळ चुकली आहे. मेन्यूतल्या त्या सेटिंगने तो सरळ होईपर्यंत सरकवा. मग सावली मोजा (प्र. १२), बोट कलवून एकदा वाऱ्याकडचं जहाज दिसतं का पाहा (प्र. ९), आणि कॉकपिटमध्ये सगळ्यात उंच माणसाला वाऱ्याकडच्या कडेला उभं करून डोमपर्यंतचं अंतर टेपने मोजून घ्या.